वाचक विचारतात : बेसबॉल, पुतळे आणि पगाराची स्लिप

ओहायोतल्या डेटनच्या सार्वजनिक लायब्ररीत रेफरन्स डेस्कवर मी सत्तावीस वर्षं बसले. गेल्या अंकात त्याबद्दल लिहिलं, आणि पत्रांचा पाऊस पडला. त्यातली पाच इथे घेतली आहेत. जागेसाठी प्रश्न थोडे आखडले; उत्तरं आखडण्याची सवय मला नाही.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं लेकीकडे सिनसिनाटीला राहून आलो. जावयांनी बेसबॉलची मॅच दाखवायला नेलं. खेळाआधी अख्खं स्टेडियम उभं राहून राष्ट्रगीत म्हणतं. दोन्ही संघ अमेरिकेचेच, मग राष्ट्रगीत कशाला? *(एक निवृत्त शिक्षक)*

उत्तर : सर, हाच प्रश्न मला १९७९ साली, त्याच शहरात पडला होता. मांडीवर शेंगदाण्यांची पिशवी घेऊन मी बसूनच राहिले, कारण लाउडस्पीकरवर काय सांगितलं ते मला कळलंच नव्हतं. मागच्या गृहस्थांनी खांद्यावर एक बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाले, ‘मॅम.’ मी उठले. निम्मे शेंगदाणे खाली.

हे गीत १८१४ मधलं. ब्रिटिश आरमार बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर रात्रभर मारा करत होतं आणि फ्रान्सिस स्कॉट की नावाचा वकील जहाजावरून ते बघत होता. सकाळी किल्ल्यावर झेंडा अजून फडकताना दिसला आणि त्याला कविता सुचली. चाल मात्र लंडनच्या एका क्लबातल्या गाण्याची. म्हणजे ज्यांच्याशी लढाई चालली होती, सूर त्यांचाच!

मैदानाशी त्याची गाठ पडली ती पहिल्या महायुद्धात. ५ सप्टेंबर १९१८, शिकागो, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना. खेळाडू सैन्यात जात होते, प्रेक्षक कमी होते, आदल्याच दिवशी शहरातल्या सरकारी इमारतीत बॉम्ब फुटून चार माणसं गेली होती. पाहुण्या बॉस्टनकडून नावाजलेला बेब रूथ गोलंदाजी करत होता, तरी स्टँड गप्प. सातव्या डावात लोक पाय मोकळे करायला उठतात, तेव्हा बँडने हे गाणं वाजवलं. नौदलातून रजेवर आलेला बॉस्टनचा एक खेळाडू जागच्या जागी सॅल्यूट करून उभा राहिला. मग लोक हळूहळू गाऊ लागले, आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. संघांच्या मालकांनी तो ऐकला. बॉस्टनला सामना गेल्यावर गाणं थेट सुरुवातीलाच घेतलं आणि जखमी सैनिकांना फुकट बसवलं.

गंमत म्हणजे तोवर ते राष्ट्रगीत नव्हतंच. तो मान कायद्याने मिळाला १९३१ साली. पुढे दुसऱ्या महायुद्धात ते प्रत्येक सामन्याआधी वाजू लागलं. युद्ध संपलं, प्रथा राहिली. बंद कोणी करायची? जो करेल तो देशद्रोही ठरणार. २०१६ मध्ये कॉलिन कॅपरनिक हा फुटबॉलपटू पोलिसी अत्याचारांचा निषेध म्हणून गाण्याच्या वेळी आधी बसला, मग गुडघ्यावर टेकला. त्यावर केवढा गदारोळ झाला ते तुम्ही वाचलंच असेल.

प्रश्न : मी व्हर्जिनियातल्या रिचमंडला शिकते. रोज मॉन्युमेंट अ‍ॅव्हेन्यूवरून जाते. इथे जनरल ली वगैरेंचे मोठे पुतळे होते म्हणतात, आता नाहीत. माझा प्रश्न उलटा आहे : हरलेल्या सेनापतींचे पुतळे मुळात उभे राहिलेच कसे? *(एक विद्यार्थिनी)*

उत्तर : शाबास. बहुतेक लोक ‘पाडले का’ एवढंच विचारतात.

तू फक्त तारखा मांडून बघ. अमेरिकेच्या यादवी युद्धात (सिव्हिल वॉर) गुलामगिरी राखायला फुटून निघालेल्या दक्षिणेचा सेनापती ली. त्याने ॲपोमॅटॉक्सला शरणागती पत्करली एप्रिल १८६५ मध्ये. रिचमंडचा पुतळा १८९० चा. शार्लट्सव्हिलचा १९२४ चा. वरातीमागून घोडं म्हणावं, तर तसंही नाही. वेळ बरोबर साधलेली होती. युद्धानंतर काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला होता, दक्षिणेतून ते निवडूनही येत होते. १८७७ मध्ये केंद्राने तिथला लष्करी धाक काढून घेतला. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना करून मतदानावर कर आणि वाचनाची परीक्षा लादली. दक्षिणेतली बाकीची राज्यं तिच्या पाठोपाठ गेली. कोर्टाच्या आवारात, चौकात हे पुतळे आले ते याच काळात. मत द्यायला किंवा दाद मागायला येणाऱ्या काळ्या माणसाला आधी त्यांच्या खालून जावं लागे.

एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते. गावोगावच्या चौकात बंदूक टेकवून उभा असलेला साधा शिपाई तू पाहिला असशील. त्यातले कितीतरी कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या एका कारखान्यात जस्ताचे ओतले जात. कनेक्टिकट म्हणजे पक्कं उत्तरेकडचं राज्य. शिपाई जवळपास तोच. गिऱ्हाईक उत्तरेचं असेल तर पट्ट्याच्या बक्कलवर ‘यूएस’, दक्षिणेचं असेल तर ‘सीएस’, म्हणजे ‘कॉन्फेडरेट स्टेट्स’.

पण पुतळा बोलत नाही, त्याच्या शेजारी पुस्तक लागतं. दक्षिणेच्या सैनिकांच्या लेकीसुनांनी १८९४ मध्ये ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ ही संघटना काढली. वर्गणी काढून पुतळे उभारले आणि शाळेच्या पुस्तकांवर नजर ठेवली. त्यांच्या इतिहास विभागाच्या प्रमुख राहिलेल्या मिल्ड्रेड रदरफर्ड यांनी १९२० च्या सुमारास पाठ्यपुस्तकं मोजायची एक ‘मोजपट्टी’ छापली. युद्ध गुलामगिरीसाठी झालं असं सांगणारं पुस्तक घेऊ नका. आणि लायब्ररीत आधीपासून असेल तर त्याच्या पहिल्या पानावर लिहा, ‘दक्षिणेवर अन्याय करणारं’. मी आयुष्यभर पुस्तकांवर शिक्के मारले. हा शिक्का वाचून मात्र हात गार पडले होते.

पुस्तकं वाचली न वाचली, सिनेमा सगळे बघतात. १९१५ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला. त्यात ‘कू क्लक्स क्लॅन’ या काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीचे लोक पांढरे झगे घालून घोड्यावरून येतात आणि गोऱ्यांना वाचवतात. तो व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. मूळ क्लॅन तेव्हा मरून चाळीसेक वर्षं झाली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर काही माणसं चढली, क्रूस पेटवला आणि क्लॅन पुन्हा सुरू केली. क्रूस पेटवणं मूळ क्लॅनमध्ये नव्हतंच. ते एका कादंबरीतून सिनेमात आलं आणि सिनेमातून खऱ्या डोंगरावर. क्लॅनची भरती करताना पुढे हाच सिनेमा वापरला गेला.

मग १९३९ मध्ये ‘गॉन विथ द विंड’, तोही युद्धकाळातल्या दक्षिणेवरचाच. आमच्या डेस्कवर सिव्हिल वॉरची पुस्तकं मागायला येणारी निम्मी मंडळी सुरुवातच त्या सिनेमाने करत. अटलांटाच्या पहिल्या खेळाला त्यातली काळी अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल येऊ शकली नाही, कारण तिथलं थिएटर फक्त गोऱ्यांचं. पुढच्या वर्षी तिला ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी ती पहिली काळी व्यक्ती. आणि समारंभात तिला बसवलं ते बाकीच्या कलाकारांपासून दूर, भिंतीजवळच्या टेबलावर.

ओहायो उत्तरेकडून लढलं. उत्तरेचे सेनापती ग्रँट आणि शर्मन दोघेही इथेच जन्मले. तरीही माझ्या गल्लीत एका पिकअपच्या मागे दक्षिणेचा झेंडा आहे. गाडीवाल्याला मी एकदा विचारलं, तुझे कोण लढले होते रे? म्हणाला, ‘कोणीच नाही. झेंडा चांगला दिसतो.’

पुतळे उतरले ते चार्ल्स्टनच्या चर्चमधल्या काळ्या भाविकांवरचा २०१५ चा गोळीबार, २०१७ ची शार्लट्सव्हिलची पुतळ्यावरून झालेली दंगल आणि २०२० मध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू, यांच्या रेट्याने. तुझ्या रस्त्यावरचा ली सप्टेंबर २०२१ मध्ये गेला. शार्लट्सव्हिलचा २०२३ मध्ये वितळवला.

प्रश्न : मुलगा कोलंबसला आहे. नोकरी गेली, आणि तिच्याबरोबर घरच्या सगळ्यांचा आरोग्यविमाही. विम्याचा नोकरीशी काय संबंध? *(एक काळजीत असलेली आई)*

उत्तर : आधी कामाचं. ‘कोब्रा’ कायद्याखाली नोकरी गेल्यावर साधारण दीड वर्ष जुना विमा चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता स्वतःला भरावा लागतो आणि तो डोळे पांढरे करतो. सरकारी मार्केटप्लेसवर नवा विमा घ्यायला साठ दिवस मिळतात. मुलाला आजच बघायला सांगा, साठ दिवस भुर्रकन जातात.

संबंध युद्धाचा. १९४२ मध्ये महागाई रोखायला सरकारने पगार गोठवले. कारखान्यांना तर माणसं हवी होती, कारण तरुण आघाडीवर. पगार वाढवता येईना, तेव्हा मालकांनी विमा देऊ केला. तो पगारात धरला नाही आणि त्यावर करही नाही. १९५४ च्या करकायद्याने ते पक्कंच केलं. तात्पुरती पळवाट होती, तिचा हमरस्ता झाला. पगारातून दरमहा आयकर कापून घेणंही १९४३ चंच. मुलाची जुनी स्लिप काढून बघा, निम्म्या ओळी दुसऱ्या महायुद्धाच्या निघतील.

त्याच युद्धाने दिलंही भरपूर. जून १९४४ चं ‘जीआय बिल’ : परतलेल्या सैनिकाला कॉलेजची फी, घरखर्च, घराच्या कर्जाला सरकारची हमी. डेटनजवळच्या केटरिंगमधले आमचे शेजारचे आजोबा पॅसिफिकमधून आले, या पैशावर इंजिनियर झाले आणि हातात दमडी नसताना घर घेतलं. त्याच घरात शेवटपर्यंत राहिले. त्यांच्याच खात्यातला एक काळा सहकारी, तोही पॅसिफिकमधून आलेला. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, पण कर्ज द्यायचं बँकेने, आणि बँकेने दिलं नाही. त्याने नदीच्या पश्चिमेला भाड्याने घर घेतलं. ‘तो माझ्यापेक्षा हुशार होता,’ आजोबा म्हणायचे आणि विषय बदलायचे. डेटनमध्ये आजही मायामी नदीचा पूल ओलांडला की रस्त्यावरचे चेहरे बदलतात.

प्रश्न : सिनेमा म्हटलं की पॉपकॉर्न, हे अमेरिकेतच का सुरू झालं? *(एक सिनेमावेडा)*

उत्तर : १९३० च्या दशकातल्या मंदीत ते सगळ्यात स्वस्त होतं म्हणून. मग युद्धात साखरेचं रेशनिंग आलं, गोळ्या-चॉकलेटं दिसेनाशी झाली. मका आणि मीठ होतंच.

प्रश्न : अमेरिकेत विमानतळावर गणवेशातला सैनिक दिसला की अनोळखी माणसं ‘थँक यू फॉर युअर सर्व्हिस’ म्हणतात. हे पूर्वीपासून आहे का? *(सॅन होजेहून एक वाचक)*

उत्तर : नाही हो. मी आले तेव्हा व्हिएतनामला जाऊन आलेला माणूस ते सांगतही नसे. आमच्याकडे फाटकी पुस्तकं दुरुस्त करणारा एक सहकारी होता. तो तिकडे होता, हे मला अकरा वर्षांनी कळलं.

त्या पिढीला सक्तीची भरती होती. १ डिसेंबर १९६९ च्या रात्री टीव्हीवर सोडत काढली : ३६६ निळ्या कॅप्सूल, प्रत्येकीत एक जन्मतारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर. आमच्या त्या सहकाऱ्याचा नंबर पहिल्या पन्नासात होता. त्याच्या जुळ्या भावाचा जन्म मध्यरात्रीनंतरचा, म्हणजे तारीख पुढची, नंबर तीनशेच्या वर. १९५ च्या पुढे कोणाला बोलावलंच नाही. अठराव्या वर्षी मरायला चालतो तर मत द्यायला का नाही, या वादातून १९७१ मध्ये मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं. १९७३ मध्ये सक्ती संपली. आता सैन्यात आहेत एक टक्क्याहूनही कमी लोक. बाकीच्यांच्या घरात कोणी नाही, म्हणून आभार. मला ते थोडं स्वस्तात सुटल्यासारखं वाटतं, पण मीही म्हणते.

त्या युद्धाबद्दल लोक टीव्हीवरसुद्धा आडूनच बोलत. ‘मॅश’ ही मालिका कोरियाच्या युद्धातल्या लष्करी दवाखान्याची. युद्ध चाललं तीन वर्षं, मालिका अकरा. बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की गोष्ट व्हिएतनामची आहे.

मग १९८२ मध्ये वॉशिंग्टनला व्हिएतनाममध्ये गेलेल्यांच्या स्मारकाची भिंत आली. माया लिन, येल विद्यापीठातली एकवीस वर्षांची विद्यार्थिनी, हिचा आराखडा : काळा ग्रॅनाइट आणि अठ्ठावन्न हजारांवर नावं. पुतळा नाही, हुद्दा नाही. आधी शिव्या खाल्ल्या, ‘लाजेचा काळा ओरखडा’ म्हणून. आता तिथे रांग असते.

नावांची एक डिरेक्टरी असते, ती आमच्या डेस्कवर होती. साधारण १९९० मध्ये एक बाई आली. भावाचं नाव कुठे आहे? मी चिठ्ठीवर पॅनेलचा आणि ओळीचा नंबर लिहून दिला. तिने विचारलं, त्याच्या शेजारी कोण आहे? ते मला सांगता येईना. पुस्तक आडनावांप्रमाणे, भिंत मृत्यूच्या तारखेप्रमाणे.

महिन्याभराने ती परत आली. कागद भिंतीवर धरून वरून पेन्सिल घासतात तशी लांब पट्टी करून आणली होती. एका ओळीत पाच नावं. मधलं भावाचं. ‘हे चौघं त्याच दिवशी गेले असणार,’ ती म्हणाली. ‘यांच्या घरच्यांचे फोन कुठे मिळतील?’

डिरेक्टरीत प्रत्येकाचं गाव दिलेलं असतं. आणि इतर राज्यांची फोनबुकं आमच्याकडे मागच्या खोलीत होती. मी किल्ली घेतली. टेक्सासपासून सुरुवात केली.