सोलहून दोन दिवस बुसानला जातोय, सोबत आई-बाबा आहेत. काय खावं, काय बघावं, खरेदी कुठे करावी?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरच्या शेवटी जाणार, बाबा मासेखाऊ, आई शाकाहारी, परतीचं विमान बुसानहूनच आहे आणि हॉटेल हेउंदेच्या किनाऱ्यावर घ्यायचा विचार चाललाय. मी जहाजबांधणीच्या कामासाठी शेजारच्या गोजे बेटावर राहत होतो आणि सुट्टी मिळाली की बुसान गाठायचो. माझं पहिलं सांगणं हॉटेलबद्दलच आहे: ते हेउंदेला घेऊ नका, जुन्या बंदराजवळ नाम्पो भागात घ्या.

हेउंदे सुंदर आहे, यात वाद नाही. दीड किलोमीटरची वाळू, मागे काचेचे उंच मनोरे. पण ऑक्टोबरअखेर पाण्यात उतरण्याइतकी ऊब नसते आणि असे मनोरे जगात इतरत्रही दिसतात. बुसान ज्यामुळे बुसान आहे, ते सगळं नाम्पोच्या बाजूला आहे. शिवाय सोलहून येणारी वेगवान केटीएक्स गाडी अडीच-तीन तासांत बुसान स्टेशनात पोचते आणि तिथून नाम्पो मेट्रोने अगदी जवळ, त्याच एक नंबरच्या लाइनवर. हेउंदेला जायला मात्र सोम्योनला गाडी बदलून पाऊण-एक तास मोडतो. आई-बाबा दमले तर दुपारी खोलीवर येऊन पडता यायला हवं, हाही विचार करा.

तर पहिला दिवस पूर्ण या भागाला द्या आणि सुरुवात जागाल्ची मासळी बाजारापासून करा. बाबांना तिथून बाहेर काढणं कठीण जाईल. बाहेरच्या गल्लीत छत्र्यांखाली बायका मासळी मांडून बसलेल्या असतात. डोक्याला कापड, हातात रबरी मोजे, गिऱ्हाइकाला लांबूनच हाक. ससून डॉकवरच्या कोळणींना पाहिलेल्या माणसाला त्या ओळखीच्याच वाटतील. मासेही पुष्कळ ओळखीचे आहेत. बांगडा तर बुसानचा अधिकृत शहर-मासाच आहे. चांदीच्या पट्टीसारखी लांब मासळी दिसेल, ती आपली वाकटी. कोरियन लोक ती जाड तुकडे करून तव्यावर भाजतात किंवा मुळ्याबरोबर तिखट रश्श्यात शिजवतात. माकुळ, ऑक्टोपस आणि शिंपल्यांचे तर कितीतरी प्रकार.

मोठ्या इमारतीत तळमजल्यावर पाण्याच्या टाक्यांत जिवंत मासे असतात. तिथे मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर बसायचं. कापून, वाढून देण्याचे पैसे वेगळे पडतात. भाव किलोवर असतो. मासा टाकीतून काढण्याआधी वजन, भाव आणि वरच्या मजल्याचे पैसे, तिन्ही विचारून घ्या. फोनच्या कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवून काम भागतं. कच्च्या माशाला ह्वे म्हणतात. पातळ काप येतात. पेरिलाच्या पानात एक काप, लसणाची चकती, मिरचीचा तुकडा आणि थोडी आंबट-तिखट चटणी ठेवायची, पुरचुंडी करायची आणि एकाच घासात तोंडात टाकायची. बाबांना कच्चं नको असेल तर भाजलेला बांगडा मागा, तो इथे कुठेही चांगलाच मिळतो. ह्वे खाल्ल्यावर उरलेल्या डोक्या-काट्यांचा लालभडक झणझणीत रस्सा करून आणतात. तो भाताबरोबर अजिबात सोडू नका. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी ही इमारत बंद असते, तेवढा वार बघून घ्या.

रस्ता ओलांडला की बीफ (BIFF) चौक, नाव चित्रपट महोत्सवाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. बुसानचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९६ साली सुरू झाला तो याच भागात. फरशीवर सिनेमावाल्यांच्या हातांचे ठसे आहेत. इथे आईसाठी शिआत होत्तोक घ्या. मैद्याचा मऊ गोळा तव्यावर भरपूर मार्गारीनमध्ये चपटा करून लालसर तळतात, मग कात्रीने त्याची कड उघडून आत साखर, सूर्यफूल-भोपळ्याच्या बिया आणि शेंगदाण्याचा कूट चमच्या-चमच्याने कोंबतात आणि कागदी पेल्यात उभा करून देतात. आतलं सारण कडकडीत गरम असतं, जरा थांबून चावा.

आता तुम्हाला इथलं खाणं नीट कळावं म्हणून थोडी पार्श्वभूमी. कोरियन युद्धात, १९५० ते १९५३, बुसान ही दक्षिण कोरियाची तात्पुरती राजधानी होती आणि देशभरातून निर्वासितांचे लोंढे इथे आले. मी राहत होतो त्या गोजे बेटावर १९५०च्या नाताळात मेरेडिथ व्हिक्टरी नावाचं एकच मालवाहू जहाज उत्तरेच्या हुंगनामहून सुमारे १४,००० माणसं घेऊन लागलं होतं. जहाजाच्या पोटात काम करणाऱ्या माणसाला तो आकडा वाचून काय वाटतं, ते सांगणं अवघड आहे. तर ही उत्तरेची माणसं गव्हाच्या नव्हे, बकव्हीटच्या (कुट्टूच्या) थंड शेवया खाणारी. बुसानमध्ये बकव्हीट मिळेना, मदतीत आलेला अमेरिकन मैदा मात्र होता. त्याच्या शेवया करून बर्फगार आंबटसर रश्श्यात घातल्या, ते मिल्म्योन. आज लोक त्यासाठी रांगा लावतात.

द्वेजी गुकबापही त्याच काळात इथे रुजलं, असं सांगतात. डुकराच्या हाडांचा तासन्‌तास उकळलेला दुधाळ रस्सा, त्यात मांसाचे काप आणि भात. बाबा डुक्कर खात असतील तर हे चुकवू नका. रस्सा मुद्दाम अळणी येतो. बाजूला वाटीत बारीक खारवलेली कोलंबी असते, तीही आपल्या जवळ्याच्याच कुळातली. ती अर्धा चमचा घालायची, मसाल्यात कालवलेली हिरवी पात वर टाकायची, ढवळायचं आणि मग चव घ्यायची. पहाटे पाळी संपवून आलेले कामगार ज्या तन्मयतेने हा वाडगा रिकामा करतात, ते पाहून मला या शहराबद्दल फार आपुलकी वाटायला लागली.

जेवण झाल्यावर गुक्जे बाजार. १९४५ला कोरियावरची जपानी सत्ता संपून जपानी निघून गेले, त्यांच्या मागे राहिलेल्या मालाच्या विक्रीतून हा उभा राहिला आणि युद्धकाळात निर्वासितांनी वाढवला. ब्लँकेटं, भांडी, कपडे, चष्मे असं घरगुती सामान इथे घ्या. चष्म्याचं मी आवर्जून सांगतो: कोरियात डोळे तपासून साधा नंबर असेल तर बहुधा त्याच दिवशी चष्मा हातात मिळतो. लगतच्या बुप्योंग बाजाराला लोक कांगथोंग, म्हणजे डब्यांचा बाजार म्हणतात, कारण अमेरिकन सैन्याकडचे डबाबंद पदार्थ इथे विकले जायचे. संध्याकाळी तिथे खाण्याच्या गाड्या लागतात. भेट द्यायला भाजलेल्या समुद्री शेवाळाची, गिमची पाकिटं घ्या. वजनाला हलकी आणि टिकाऊ. सौंदर्यप्रसाधनं हवी असतील तर ऑलिव्ह यंगचं दुकान कुठेही सापडेल. पासपोर्ट खिशात ठेवा. १५,००० वॉनच्या वरच्या खरेदीवर बऱ्याच दुकानांत कराची रक्कम लगेच वळती करून देतात.

आईच्या जेवणाचं मात्र आधीच ठरवून जा. गोगी म्हणजे मांस. "गोगी पेगो जुसेयो", मांस वगळून द्या, असं सांगितलं तरी मासे त्यात धरत नाहीत. रस्सा सुकवलेल्या मासळीचा असतो, किमचीतही बहुधा माशाचं खारं पाणी असतं. म्हणून मांस, मासे, माशाचा सॉस आणि मासळीचा रस्सा चालत नाही, असं कोरियनमध्ये लिहिलेलं फोनवर ठेवा आणि दाखवा. भाज्यांचा बिबिमबाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, त्यातल्या त्यात सुरक्षित. सोबत थेपले, चिवडा, मेतकूट असू द्या, आणि एक जेवण भारतीय हॉटेलात धरून चाला. ती बुसानमध्ये आहेत.

दुपारी गामचोन. डोंगरउतारावरची रंगीत घरं तुम्ही फोटोत पाहिली असतील. १९५०च्या दशकातली ही गरीब वस्ती, २००९पासून कलाकारांनी रंगवली. घरं अशी रचलीत की पुढचं घर मागच्याची नजर अडवत नाही. तोसोंग स्टेशनबाहेरून छोटी बस वर जाते. आई-बाबांना पायऱ्या चढायला लावू नका. लोक तिथे राहतात, तेव्हा दारं-खिडक्यांत कॅमेरे घालू नका. आणि गर्दीतून बाहेर पडून जवळच्या आमी-दोंगला जरूर जा. तिथे जपान्यांचं कब्रस्तान होतं. निर्वासितांना राहायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी थडग्यांवरच घरं बांधली. समाधीचे दगड पायात आणि पायऱ्यांत घातले. काही भिंतींच्या तळाशी ते घडीव दगड अजून दिसतात, वर गॅस सिलिंडर आणि कपडे वाळत घातलेले. माझ्या मते संपूर्ण बुसानमध्ये याहून मोलाची पाहण्याची जागा नाही.

रात्री ग्वांगआल्लीचा किनारा. २००३ला सुरू झालेला सात किलोमीटरहून लांब पूल समोर उजळलेला असतो आणि शनिवारी रात्री ड्रोनचा खेळ होतो, त्यामुळे जमलं तर शनिवार साधा. शरद ऋतूत इथे आतषबाजीचा मोठा उत्सव असतो. त्याची तारीख तुमच्या तारखांवर येत असेल तर राहण्याची सोय फार आधी करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर टॅक्सी करून हेदोंग योंगगुंगसा मंदिराला जा. १३७६ची स्थापना, सध्याच्या इमारती विसाव्या शतकातल्या. कोरियातली बहुतेक बौद्ध मंदिरं डोंगरात, हे थेट लाटांच्या तोंडावर खडकांवर. आत जायला १०८ पायऱ्या उतराव्या लागतात, आणि येताना त्याच चढायच्या. दहानंतर पर्यटकांच्या बसेस येतात. परतताना हेउंदेला तास-दोन तास थांबा, जुन्या रेल्वेमार्गावर किनाऱ्याने धावणारी छोटी गाडी आहे, ती बाबा-आईंना आवडेल. पुढे सेंटम सिटीला शिनसेगे. २००९ला जगातलं सर्वांत मोठं डिपार्टमेंट स्टोअर म्हणून त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. मला तिथल्या दुकानांपेक्षा स्पा लँड आवडतं, गरम झऱ्याचं पाणी आणि उबदार खोल्या. स्नानगृहात स्त्री-पुरुष वेगवेगळे, पण कपड्यांशिवाय जायची रीत आहे, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

चालण्याचा रस्ता शोधायला गूगल मॅप तिथे फारसा उपयोगी नाही, नेव्हर मॅप घ्या. मेट्रो-बसचं टी-मनी कार्ड सोलमध्ये घेतलेलंच चालतं. टिप द्यायची पद्धत नाही.

विमान गिमहे विमानतळावरून संध्याकाळी असेल आणि सामान लॉकरमध्ये ठेवता आलं, तर सासांगहून निघणारी लाइट रेल्वे विमानतळाच्याही पुढे गिमहे शहरात जाते. तिथे राजा सुरो आणि राणी हो ह्वांग-ओक यांच्या समाध्या आहेत. तेराव्या शतकातल्या सामगुक युसा या ग्रंथातल्या कथेप्रमाणे ती राणी इसवी सन ४८मध्ये आयुता नावाच्या दूरदेशातून बोटीने आली; बरेच लोक तो देश म्हणजे आपली अयोध्या मानतात. राणीच्या समाधीशेजारी तिने बोटीतून आणले म्हणतात ते दगड एकावर एक रचलेले आहेत. राजाची समाधी स्टेशनपासून चालत जवळ, राणीची थोडी पुढे. दोन्हींना मिळून दोन तास हाताशी ठेवा.