वाचकांचे प्रश्न : स्कूबानंतर कानाला बसलेले दडे

प्रश्न : मागच्या आठवड्यात तारकर्लीला स्कूबा केलं, साधारण 6 मीटर खोल. खाली जाताना उजवा कान फार दुखला, पण प्रशिक्षकाला खूण करायचं सुचलंच नाही. नागपूरला येऊन चार दिवस झाले तरी कानाला दडा बसलेलाच आहे, स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. चक्कर नाही. घरचे लसणाचं कोमट तेल टाक म्हणून राहिलेत. टाकू का?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : तेल अजिबात टाकू नका. तुमचा दडा बहुधा पडद्याच्या आत आहे, तेल बाहेर राहतं. आणि पडद्याला भोक पडलं असेल तर तेच तेल मधल्या कानात उतरून जंतुसंसर्ग होतो.

झालं काय, ते असं. पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. मधल्या कानातली हवा त्या दाबाने आकसते आणि ती भरून काढायला घशाकडून येणारी बारीक नळी, युस्टेशियन ट्यूब, उघडावी लागते. ती एरवी मिटलेली असते, गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. खाली जाताना नाक दाबून कानात हवा भरायची (यालाच कान उघडणं म्हणतात) राहिली तर सव्वा मीटरच्या आसपासच दाबाचा फरक इतका होतो की नळी घट्ट चिकटते, मग गिळूनही उघडत नाही. तरी खाली जात राहिलं की पडदा आत ओढला जातो, आतलं अस्तर सुजतं आणि पोकळीत पाणी किंवा रक्त साचतं. म्हणून बरीचशी इजा पहिल्या दोन-तीन मीटरांतच होते. फार खोल गेलो नव्हतो, यावर भिस्त ठेवू नका.

आज घरीच एक गोष्ट करून पाहा. शांत खोलीत बसा, तोंड मिटा आणि ओंकारातला शेवटचा ‘म’ लांबवा. आवाज दडा बसलेल्या उजव्या कानात जास्त घुमला, तर अडथळा बहुधा मधल्या किंवा बाहेरच्या कानात आहे. हा प्रकार सहसा बरा होतो. आवाज डाव्या, चांगल्या कानाकडे सरकला, तर आतल्या कानाची नस दुखावल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. घरच्या चाचणीवर निर्धास्त मात्र होऊ नका, ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, दोन्ही परिस्थितींत काढायचाच.

नागपुरातली ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहे. धंतोली-रामदासपेठेत खासगी तज्ज्ञांकडे जाणार असाल तर आधी फोनवर एवढंच विचारा : आवाजबंद खोलीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची ही चाचणी, त्याच दिवशी होईल का? नागपुरात समुद्र नाही, डॉक्टरांसमोर असा रुग्ण रोज येत नाही. त्यामुळे हकीकत तुम्हीच नीट सांगायची. किती खोल, किती वेळ, किती डाइव्ह, त्रास उतरताना सुरू झाला की वर आल्यावर, नाक दाबून जोर लावला होता का, मास्कमध्ये रक्त दिसलं का. कागदावर लिहून न्या. ‘कान बंद आहे’ एवढंच सांगितलं तर मळ किंवा सर्दी समजून औषध मिळण्याची शक्यता राहते.

पडदा शाबूत असेल तर नाकात टाकायचे थेंब जास्तीत जास्त 3 ते 5 दिवस, नंतर तेच नाक चोंदवतात. साचलेलं पाणी बहुधा 1 ते 3 आठवड्यांत ओसरतं. भोक असेल तर कानात जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे थेंब स्वतःच्या मनाने टाकू नका. ही औषधं आतल्या कानाला घातक ठरू शकतात. लहान भोक बहुतेक वेळा 6 ते 8 आठवड्यांत आपोआप भरतं. तोवर आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा, शिंक तोंड उघडं ठेवून, आणि नाक शिंकरायचं ते एकेक नाकपुडी करून, हळू.

प्रश्न : मुलगा अंदमानात स्कूबाचा कोर्स करून आला. शेवटच्या दिवशी 18 मीटरपर्यंतच्या दोन डाइव्ह झाल्या. वर आल्यावर तासाभरात गरगरायला लागलं, उलटी झाली, डाव्या कानात घूं घूं आवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाने आला. अजून भिंत धरून चालतो. सगळे म्हणतात, कानात पाणी गेलं असेल.
– एक पालक, धरमपेठ

उत्तर : हे वाचताच त्याला आकस्मिक विभागात न्या, उद्यावर ढकलू नका. कानात पाणी गेल्याने कोणी भिंत धरून चालत नाही.

शक्यता दोन आहेत आणि त्यांचे उपचार उलट दिशेचे, म्हणून हकीकत इथे जिवाइतकी महत्त्वाची. खाली जाताना कान उघडत नव्हता, मुलाने जोर लावला आणि तेव्हापासूनच त्रास झाला, तर आतल्या कानाची पातळ पडदी फाटून द्रव गळत असू शकतो. मग डोकं उशाला उंच, जोर करायचा नाही, जड उचलायचं नाही, शौचाला कुंथायचं नाही. कानात दाब देणारी तपासणीही टाळायची. कान सहज उघडत होते आणि त्रास वर आल्यावर सुरू झाला, तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे आतल्या कानात अडकलेले असू शकतात. तुमच्या पत्रावरून हीच शंका अधिक येते. सांधे दुखणं, मुंग्या, अंगावर चट्टे असतील तर तेही सांगा.

बुडबुड्यांवर उपचार म्हणजे घट्ट मास्कने 100 टक्के ऑक्सिजन आणि मग दाबाची बंद खोली, हायपरबॅरिक चेंबर. नेहमीचा पहिला उपचार सुमारे 2.8 वातावरण दाबावर, पावणेपाच तासांचा असतो. सौंदर्योपचाराच्या दुकानातला 1.3 वातावरणाचा फुगवता तंबू यासाठी निरुपयोगी आहे. मुंबईत कुलाब्याला नौदलाचं अश्विनी रुग्णालय आणि सागरी वैद्यक संस्था आहे. डॉक्टरांनाच तिथे आणि डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांना मदत करणाऱ्या संस्थेच्या चोवीस तासांच्या आपत्कालीन क्रमांकावर बोलायला सांगा. दोन-तीन दिवस उलटले तरी उपचाराचा उपयोग होतो, पण विमानाने नेऊ नका, उंचीवर दाब कमी झाला की बुडबुडे वाढतात. रेल्वेच्या वाटेवरही घाटमाथ्याची उंची येतेच, तेव्हा न्यायचं कसं ते त्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

नसेची श्रवणहानी दिसली तर स्टेरॉइड लवकर सुरू करतात, पहिल्या दोन आठवड्यांत, जितकं आधी तितकं बरं. मधुमेह असेल तर आधी सांगा.

प्रश्न : पडदा भरला. पुन्हा स्कूबा करता येईल का?
– एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : पडदा भरून दोन-तीन महिने गेले, टिंपॅनोमेट्री (पडदा किती हलतो याची चाचणी) सामान्य आली आणि नाक दाबून गिळल्यावर पडदा हलताना डॉक्टरांना दिसला, तर बहुतेकांना करता येतं. आतल्या कानाला इजा झाली असेल तर मात्र डायव्हिंग जाणणाऱ्या तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय नाही.

आधी तरणतलावाच्या खोल टोकाला पाहा. तिथलं आठ फूट पाणी कानाला पुरेसं आहे. पाण्यात शिरण्याआधीच एकदा कान उघडा, मग पाय खाली ठेवून उतरत दर अर्ध्या मीटरला, दुखायची वाट न पाहता. दुखलं की थांबा, एक मीटर वर या आणि पुन्हा करून पाहा. उघडला नाही तर कानाकडे बोट दाखवा, तळहात आडवा धरून हलवा, म्हणजे प्रशिक्षकाला ‘अडचण आहे’ एवढं कळतं. सर्दी असेल तर उतरू नका. औषध घेऊन उतरलात आणि त्याचा असर पाण्याखाली ओसरला, तर वर येताना हवा आत कोंडते आणि मग वर यायलाच अडचण होते.