नव्या इंटिरिअर डिझायनरसाठी कराचं थोडं

व्यवसायाचं बँक खातं आधी वेगळं करा. क्लायंटनं एक लाखाच्या फीवर 10 टक्के टीडीएस (फीतून आधीच कापून सरकारकडे भरलेला कर) कापला की खात्यात नव्वद हजारच येतात, पण जमा धरायची पूर्ण एक लाख. नवे लोक हमखास इथेच चुकतात आणि रिटर्नचा आकडा आयकर पोर्टलवरच्या टीडीएसच्या नोंदींशी जुळत नाही.

वार्षिक जमा 50 लाखांपर्यंत असेल (रोख 5 टक्क्यांच्या आत असल्यास 75 लाख), तर निम्मी रक्कम नफा दाखवून मोकळं होता येतं. 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलमावरून यालाच सगळे 44एडीए म्हणतात. हिशोबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. मात्र त्यातून पुन्हा भाडं, पेट्रोल, लॅपटॉपचा घसारा (वापरामुळे दरवर्षी घटणारी किंमत) वजा होत नाही. खर्च खरोखर निम्म्याच्या वर जात असेल, तर सीएला विचारूनच ठरवा. कमी नफा दाखवला की वह्या आणि ऑडिट मागे लागू शकतं.

44एडीए घेतलं आणि टीडीएस वजा जाता 10 हजार किंवा जास्त कर निघत असेल, तर तो 15 मार्चपर्यंत आगाऊ भरा. रिटर्न भरायच्या वेळेवर ढकललात तर दरमहा 1 टक्का व्याज.

जीएसटी नोंदणीची 20 लाखांची मर्यादा एकूण उलाढालीवर असते, नफ्यावर नाही. आणि महाराष्ट्रात असाल तर वर्षाचा 2500 रुपये व्यवसाय कर वेगळा, 30 जूनपर्यंत.