मुलीचं नीट राहू दे, आधी तुमचा पडदा तपासा

कोल्हापुरातल्या फुलेवाडीच्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, दहावीला 91 टक्के, आता क्लासच्या टेस्टला फिजिक्स गडगडलंय. आजीची नजर शुगरनं गेली, इंजेक्शनं झाली, लेसर झालं, पण दाखवायलाच उशीर झाला होता. तेव्हाच यांनी ठरवून टाकलं की पोरीनं रेटिनाचीच, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचीच डॉक्टर व्हायचं. पुढं लिहितात, "तिला ड्रॉइंगचं खूळ आहे म्हणून रंगाचं सगळं सामान कपाटात कुलपात ठेवलंय. डोळ्याची लाईन मुलींना बरी, आरामाची. मलाही सहा वर्षं शुगर आहे पण नजर एकदम क्लिअर आहे, त्यामुळं तपासायची कधी गरज पडली नाही. तिनं फेलोशिप कुठं करावी?"

दादा, लग्न ठरायच्या आधी बारशाचे पेढे सांगून आलाय तुम्ही. तरी विचारलंय म्हणून सांगतो. नीट, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग नीट पीजी, तीन वर्षं डोळ्यांचं एमएस नायतर डीएनबी आणि त्यावर दीड-दोन वर्षं रेटिनाची फेलोशिप, मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद असल्या ठिकाणी. एक वर्ष वाया गेलं नाही तरी पोरगी तिशीला टेकते.

पण मला काळजी फिजिक्सची नाहीच. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, त्यात आजीचं दुखणं आहे, तुमचा निर्णय आहे, खर्चाचा हिशोब आहे, आणि पोरगी काय म्हणते याची एक ओळ नाही. आईच्या वेळी उशीर झाला ही बोच तुमची आहे, मला ती कळते, पण ती फेडायला सतरा वर्षांच्या पोरीला कशाला जुंपताय?

आणि ते "मुलींना बरी, आरामाची" कुणी सांगितलं हो तुम्हाला? चष्म्याचा नंबर काढणारा डॉक्टर बघून तुम्ही सगळी लाईन ठरवलीत. पडदा सुटलेला माणूस येतो तेव्हा त्याला काजवे चमकलेले असतात, काळे ठिपके तरंगत असतात, मग एका बाजूनं अंधार सरकत येतो, आणि नजरेचा मधला भाग अजून चिकटलेला असेल तर ऑपरेशन एक-दोन दिवसात उरकावं लागतं, दिवाळी असो नाहीतर रविवार. अंधाऱ्या थिएटरात मायक्रोस्कोपला डोळे लावून, मिलिमीटरहून बारीक भोकांतून आतली जेली काढायची, पडदा बसवायचा, आत गॅस नायतर सिलिकॉन ऑइल भरायचं, आणि मग पेशंटला काही दिवस मान खाली घालूनच बसा-झोपा म्हणून पटवायचं, ते तर ऑपरेशनपेक्षा अवघड. शिवाय दिवस भरायच्या आत झालेली बाळं, 34 आठवड्यांच्या आतली किंवा दोन किलोच्या खालची, त्यांचा पडदा जन्मल्यापासून 30 दिवसांच्या आत तपासायचा असतो, त्यासाठी एनआयसीयूत, म्हणजे तान्ह्या बाळांच्या अतिदक्षता विभागात जाऊन मुठीएवढ्या पोराचा डोळा उघडून बघायचा. आराम यात कुठं दिसला तर मलाही कळवा.

आता कपाटाचं. पीजीची पोरं पडदा तपासायला शिकतात तेव्हा डोक्याला लाईटवालं यंत्र बांधतात, हातात भिंग धरतात, आतलं चित्र उलटं दिसतं म्हणून कागदही उलटा ठेवतात आणि रंगीत पेन्सिलीनं पडदा काढतात. जागेवर असलेला भाग लाल, सुटलेला निळा, जेलीत रक्त उतरलं असेल तर हिरवा. वाचून हसू नका. अर्थात ड्रॉइंग चांगलं म्हणजे रेटिना फिक्स असलं गणित लगेच मांडू नका, तिला कदाचित नुसती चित्रंच काढायची असतील, आणि कोल्हापुरात राहून चित्र काढायला खूळ म्हणायचं म्हणजे कमालच.

खरी गडबड तुमच्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. नजर क्लिअर म्हणजे पडदा चांगला, असं नसतं. शुगरनं पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात तेव्हा सुरुवातीला दुखत नाही, धूसर होत नाही, काही म्हणजे काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा बऱ्याचदा तुमच्या आईसारखं झालेलं असतं. मोठेपणी होणाऱ्या या टाइप 2 शुगरमध्ये निदान झालं की लगेच आणि पुढं दरवर्षी पडदा बघून घ्यायचा असतो. तुम्ही सहा वर्षांत एकदाही गेला नाही, आणि डॉक्टर तयार करायला निघालाय जी अजून बारा वर्षांनी खुर्चीत बसणार.

या आठवड्यात जावा. सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात जावा नायतर ओळखीच्या रेटिनावाल्याकडं, थेंब टाकून पडदा बघायचाय म्हणून सांगा, नुसता नंबर तपासून परत येऊ नका. थेंबानं बाहुली मोठी होते, पुढं काही तास धूसर दिसतं, ऊन खुपतं, गाडी हाणता येत नाही, तेव्हा रिक्षानं जावा आणि क्लास नसेल तो दिवस बघून पोरीला सोबत घ्या. तासभर ओपीडीत बसली की तिचं तिला काय वाटतं ते वाटेल. येताना तुम्हाला मोबाईल वाचता येणार नाही, ती बोलेल तेवढं ऐका. पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे. कपाटाची किल्ली मात्र आजच द्या.