जुने संगणक भंगारात द्यावेत का?

प्रश्न : ठाण्यातील वागळे इस्टेटमध्ये आमची मध्यम उद्योगात मोडणारी कंपनी असून दोनशे कर्मचारी आहेत. जुने संगणक, प्रिंटर व यूपीएस काढायचे आहेत. भंगारवाला नोंदणीकृत रीसायकलरपेक्षा जास्त भाव देतो. त्याला माल दिला तर चालेल का? आम्ही पंधरा वर्षांपासून परदेशी राउटर आणूनही विकतो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण राउटरचा उल्लेख शेवटी केला असला, तरी खरी तातडीची बाब तीच आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार परदेशातून माल आणून विकणाराही उत्पादक ठरतो आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी केल्याशिवाय त्याला हा व्यवसाय करता येत नाही. नोंदणीनंतर, पूर्वी विकलेल्या मालाच्या वजनाचा ठरावीक हिस्सा, म्हणजे २०२६-२७ पर्यंत ७० टक्के व त्यापुढे ८० टक्के, रीसायकल झाल्याची प्रमाणपत्रे नोंदणीकृत रीसायकलरकडून विकत घ्यावी लागतात. नोंदणी झाली नसेल, तर ती आधी करावी.

आता जुन्या संगणकांविषयी. वर्षात केव्हाही एक हजार वा अधिक उपकरणे वापरात असलेली संस्था घाऊक ग्राहक ठरते आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करून पुनर्विक्री करणारा किंवा रीसायकलर यांनाच द्यावा, असे बंधन आहे. येथे टाकलेली नव्हे, तर वापरातील उपकरणे मोजतात. संगणकांबरोबर प्रिंटर, फोन, वातानुकूलन यंत्रे हेही धरावे लागते, त्यामुळे दोनशे माणसांचे कार्यालय वाटते त्याहून लवकर या आकड्याजवळ पोहोचते.

आपण त्या मर्यादेच्या आत असलात, तरी भंगारवाल्याला माल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्याकडून माल पुढे जिथे जातो, तिथे अनेकदा तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात, सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवले जातात आणि ते आम्ल नाल्यात सोडले जाते. धूर रोखणे, सांडपाण्यावर प्रक्रिया करणे आणि उरलेला घातक गाळ सुरक्षित ठिकाणी पोहोचवणे, हा खर्च तिथे कोणी करत नाही, म्हणून भाव जास्त मिळतो. त्याची किंमत ते काम करणारी माणसे आणि नाल्याकाठची वस्ती मोजते.

माल देताना रीसायकलरची नोंदणी पोर्टलवर तपासावी, वजनासह पावती घ्यावी आणि हार्ड डिस्कमधील माहिती नष्ट केल्याचे लेखी प्रमाणपत्र मागावे. यूपीएसच्या बॅटऱ्यांना वेगळे नियम आहेत, त्यामुळे त्या काढून विक्रेत्याकडे किंवा बॅटऱ्यांच्या नोंदणीकृत रीसायकलरकडे स्वतंत्रपणे द्याव्यात.