टीडीएस ९२ आला, मग शिसं किती?

प्रश्न : आमची डोंबिवलीतली इमारत जुनी आहे. नळाचं पाणी टीडीएस मीटरवर ९२ दाखवतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मागच्या रविवारी एक विक्रेता आला. 'तुमच्या मीटरला शिसं, कॅडमियम कळत नाही, आमच्या सेन्सरला कळतं' असं म्हणत मोबाइलला जोडायचं एक यंत्र दाखवून गेला. किंमत एका बऱ्यापैकी फोनएवढी. कमिटीत दोन तट पडलेत. घ्यावं का?
— सोसायटीचे सचिव, डोंबिवली

उत्तर : सचिवसाहेब, विक्रेत्याचं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढंच मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतो. तुमच्या लिटरभर पाण्यात अंदाजे ९२ मिलिग्रॅम क्षार आहेत. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. शिसं मर्यादेच्या दहापट झालं तरी भर पडेल ०.१ मिलिग्रॅमची, मीटरचा आकडा ९२ वरून हलणारही नाही. शिवाय कमी क्षारांचं, थोडं आम्लधर्मी पाणीच जुन्या पाइपातलं आणि पितळी नळातलं शिसं जास्त विरघळवतं. तेव्हा ९२ वर खूश होण्यासारखं काही नाही.

आता दुसरं वाक्य. विद्युत-रासायनिक सेन्सरला शिसं कळू शकतं, हेही खरं. माझी नोकरी पाणी तपासण्यात गेली. आमच्या प्रयोगशाळेत सुरुवातीला पाऱ्याचे थेंब पाडणारं यंत्र होतं. प्रागच्या यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी १९२२ मध्ये शोधलेली ही पद्धत, तिच्यासाठी १९५९ चं नोबेल मिळालं. पारा फरशीवर सांडला की आम्ही गंधकाची पूड टाकून तो गोळा करायचो आणि साहेबांची बोलणी खायचो. २००० च्या सुमारास पाऱ्याच्या जागी बिस्मथचा पातळ थर वापरता येतो हे दिसलं, आणि ही तपासणी बोटाएवढ्या छापील पट्टीवर करणं पुष्कळ सोपं झालं. मधुमेही लोक साखर तपासतात ती पट्टी याच कुळातली. फरक प्रमाणाचा आहे. रक्तात साखर लिटरला ग्रॅमभर असते, शिसं पकडायचं ते तिच्या एक लाखाव्या भागाएवढं.

इतकं थोडं कसं दिसतं? पिग्मी खात्यासारखं. रोजची चिल्लर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण साठवून एकदम काढली की रक्कम दिसते. पट्टीवर साधारण उणे १.२ व्होल्टचा दाब ठेवून पाणी काही मिनिटं ढवळत राहायचं. पाण्यातले शिशाचे आयन पट्टीवर धातू होऊन साचतात. मग दाब हळूहळू धन बाजूला न्यायचा. उणे ०.८ च्या आसपास कॅडमियम सुटतं, उणे ०.५ च्या आसपास शिसं आणि शून्याजवळ तांबं. सुटताना प्रत्येक धातू आलेखावर आपला उंचवटा उठवतो. जागा धातूचं नाव सांगते, उंची प्रमाण.

कागदावर हे फार देखणं आहे. नळाच्या पाण्यात मात्र सेंद्रिय द्रव्यं पट्टीवर चिकटून तिला आंधळी करतात, आणि तांबं जास्त असेल तर इतरांच्या उंचवट्यात गडबड होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गंजाच्या कणांना चिकटलेलं शिसं सेन्सरला दिसतच नाही. पाण्यात आधी आम्ल घालून ते सोडवून घ्यावं लागतं. म्हणून यंत्राने 'सुरक्षित' असा हिरवा दिवा लावला तर मी त्यावर विसंबणार नाही, लाल लावला तर मात्र दुर्लक्षही करणार नाही.

विक्रेत्याला पुन्हा बोलवा आणि त्याच्या शुद्ध पाण्याच्या बाटलीऐवजी तुमच्याच नळाच्या पाण्यावर प्रयोग मागा. समजा, उंचवटा २ मायक्रोअँपिअर आला. आता त्याच पाण्यात लिटरला १० मायक्रोग्रॅम वाढेल इतकं शिशाचं प्रमाणित द्रावण घालायला सांगा. उंचवटा ६ झाला, म्हणजे दहाने चारची भर पडली. मग मुळातले दोन म्हणजे ५ मायक्रोग्रॅम. असा हिशेब तो तुमच्यासमोर मांडू शकला तर यंत्रात दम आहे. आकडा ढिम्म राहिला तर चहा पाजून वाटेला लावा. पट्ट्या किती महिन्यांत बाद होतात आणि प्रत्येकी केवढ्याला पडतात, हेही विचारून घ्या. यंत्रापेक्षा पट्ट्यांचाच खर्च पुढे जड जातो.

माझं मत विचाराल तर एका इमारतीसाठी यंत्र घेऊ नका. त्या पैशात एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत चार-पाच घरांचे नमुने तपासून होतील. नमुना मात्र नीट घ्या, सगळी मेख तिथेच आहे. रात्रभर नळ बंद ठेवून सकाळी सगळ्यात आधी येणारं पाणी एका बाटलीत, आणि नळ पाचेक मिनिटं वाहू देऊन दुसऱ्या बाटलीत. पहिल्यात शिसं जास्त आणि दुसऱ्यात नगण्य असेल तर दोष घरच्या नळाचा किंवा पाइपाचा. दोन्हींत सारखं असेल तर टाकी आणि वरची लाइन बघा. अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पण पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलं नाही. पुढे तपासणी करताना लोकांना नमुन्याआधी नळ वाहू द्यायला सांगितलं गेलं. वाहून गेलेल्या पाण्याबरोबर पुरावाही वाहून गेला.

रिपोर्ट हातात आला की 'आढळले नाही' या शब्दांवर थांबू नका. किती कमीपर्यंत मोजता येतं तो आकडा शोधा. तो ०.०५ असेल तर ०.०१ ची मर्यादा पाळली की मोडली हे कळणारच नाही. पैसे परत मागा.

प्रश्न : नववीच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी असा सेन्सर बनवता येईल का? पेन्सिलीपासून बनतो असं वाचलं.
— शिक्षिका, सांगली

उत्तर : बनतो, बाई. पेन्सिलीच्या आतली ग्राफाइटची कांडी हा चांगला इलेक्ट्रोड आहे, त्यावर संशोधनही झालंय. दाब बदलत नेणारं आणि सूक्ष्म प्रवाह मोजणारं उपकरण लागेल. त्याचा एक स्वस्त, खुला आराखडा 'चीपस्टॅट' नावाने २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं जोडून देतील. पण शिसं किंवा कॅडमियमची द्रावणं वर्गात आणू नका. मोरचूद वापरा, तांब्याचा उंचवटा सुरेख येतो, कांडीवर लालसर थर नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. मोरचूदही पोटात जाता कामा नये, तेव्हा डबे खायच्या आधी हात धुवायला लावा.

प्रश्न : घरात बाळ आहे. मी पाणी वीस मिनिटं उकळते. त्याने शिसं जातं ना?
— एक आई, चिपळूण

उत्तर : नाही हो. उकळण्याने जंतू मरतात, शिसं तिथेच राहतं, आणि पाणी आटल्यावर प्रमाण उलट किंचित वाढतं. आरओ असेल तर तो शिसं बऱ्यापैकी अडवतो. नसेल तर सकाळचं पहिलं पाणी फरशीला घ्या आणि बाळासाठी त्यानंतरचं भरा. गीझरचं गरम पाणी दुधाच्या पावडरीत कधीच नको. गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं. थंड पाणी घेऊन गॅसवर तापवा.