बेदगेलर्ट: थडगे की समाधी?

एका वाचकाचा प्रश्न आहे: 'वेल्समधल्या एका गावाचे नाव मराठीत बेडगेलर्ट असे छापलेले दिसले. हा उच्चार बरोबर आहे का? आणि अर्थ गेलर्ट कुत्र्याचे थडगे असाच ना?'

आधी उच्चार. वेल्शमध्ये जोडीने येणाऱ्या दोन 'डी'चा ड होत नाही. इंग्रज माणूस 'धिस' म्हणताना जीभ दातांना जेमतेम टेकवून जो ध्वनी काढतो, तो हा. मराठीत तो नाही. त्याला सगळ्यांत जवळचा आपला द. म्हणून बेदगेलर्ट लिहावे. 'बेद' म्हणजे थडगे, आणि त्यातला ए जरा लांबवायचा.

कुत्र्याची गोष्ट गावात शिरताच कानावर येते. एरिरीच्या डोंगरांत ग्लासलिन आणि कोलविन या नद्यांच्या संगमावर हे गाव आहे. नदीकाठच्या कुरणात, झाडाखाली, कठड्याच्या आत ते थडगे आहे. तिथल्या पाट्यांवर वेल्श आणि इंग्रजीत कथा कोरली आहे: तेराव्या शतकातला राजा लेवेलिन शिकारीहून परतला, तर पाळणा उलटलेला आणि गेलर्टचे तोंड रक्ताने माखलेले. राजाने त्याला तलवारीने मारले. मग मूल सुखरूप सापडले, शेजारी मेलेला लांडगा. त्यानंतर राजा कधी हसला नाही म्हणतात.

ओळखीची वाटली ना? पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली, ब्राह्मणीने मुंगसावर पाण्याची घागर टाकली ती हीच गोष्ट. मुंगसाचा कुत्रा आणि सापाचा लांडगा होत ती देशोदेशी फिरली. इथले थडगे मात्र अठराव्या शतकाच्या अखेरचे. गावातल्या गोट हॉटेलचा मालक डेव्हिड प्रिचर्ड याने प्रवासी यावेत म्हणून ते रचले असे मानले जाते.

गावाचे नाव त्याहून कितीतरी जुने आहे, आणि ते केलर्ट नावाच्या ख्रिस्ती साधूवरून पडले असावे, असे अभ्यासक सांगतात. गावात ऑगस्टिनियन साधूंचा मठ होता. त्याचेच चर्च आज सेंट मेरीचे म्हणून उभे आहे. म्हणजे नाव आधी, कुत्रा मागाहून. अशा जोडलेल्या अर्थाला आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो.

मग मराठीत काय लिहावे? गावाच्या नावाचा अर्थ सांगताना मी 'केलर्टची समाधी' लिहीन, कारण साधूच्या विसाव्याला आपल्याकडे हाच शब्द शोभतो. कुरणातल्या दगडांना 'गेलर्टचे थडगे' म्हणावे. रायगडावरच्या वाघ्यामुळे 'कुत्र्याची समाधी'ही मराठी कानाला परकी नाही, पण इथे दोन शब्द वेगळे ठेवले की साधू कोण आणि कुत्रा कोण, हे वाचताक्षणी कळते.